भावाला फसवून दवाखान्यात न्यावं का?

प्रश्न : धाकटा भाऊ २८ वर्षांचा. शेजारी विहिरीत विष टाकतात म्हणून दोन महिने घरचं पाणी पीत नाही. आठवडाभर जेवणही जवळजवळ बंद. परवा आईच्या अंगावर कोयता घेऊन धावला. दवाखाना म्हटलं की, ‘मला काय झालंय? तुम्हीच येडे झालासा’ म्हणतो. मामा म्हणतात, लग्नाला जायचं सांगून गाडीत घाला आणि धारवाडच्या मनोरुग्णालयात सोडून या.
– एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : मामांना सांगा, लग्नाचं नाव काढायचं नाही. असाच लग्नाला म्हणून आणलेला एक जण इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दवाखान्यात आला होता. औषधानं महिनाभरात सावरला, पण पुढं दोन वर्षं थोरल्या भावाच्या गाडीत बसला नाही. तपासणीला एकटा बसनं यायचा. तुमच्या भावाला आधीच वाटतंय की सगळे मिळून कट करताहेत. तो खरा करून दाखवू नका. चहातून गोळी देण्याचंही तेच.

मर्जीविरुद्ध दाखल करता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ८९ त्यासाठीच आहे. स्वतःला इजा, दुसऱ्याला धोका किंवा स्वतःला अपाय होईल इतकी हेळसांड, यांपैकी काहीतरी हवं. तुमच्याकडे कोयताही आहे आणि उपासही. अर्ज घरच्यांचा, तपासणी दोघांनी वेगवेगळी करायची, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस. ‘सोडून या’ हा प्रकार त्यात बसत नाही.

आम्हा मानसोपचारतज्ज्ञांत यावर एकमत नाही. कागद वाढले, तोवर घरच्यांचे हाल होतात, असं काही सहकारी म्हणतात. खोटं नाही ते. पण १९८७ च्या कायद्यात नातेवाइकांच्या अर्जावर ९० दिवस ठेवता यायचं, आणि जमिनीच्या वाटणीसाठी ‘वेडा’ ठरवायला आणलेली माणसंही मी पाहिली आहेत. सही करताना मला ती आठवतात. तरी तुमच्या भावासाठी मी सही करेन.

आज कोयते, विळे घराबाहेर हलवा. पुन्हा धावला तर ११२ ला फोन करा. धारवाडपर्यंत थांबू नका, आधी तालुक्याचा सरकारी दवाखाना गाठा. जिवाला धोका असेल तर तिथला कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. फॉर्म कन्नडमध्ये असेल, तर भावाला सगळं मराठीत समजावून सांगा म्हणावं. त्याला कळणाऱ्या भाषेत माहिती मिळणं आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येणं, दोन्ही त्याचे हक्क आहेत.

निघताना खरंच सांगा, ‘डॉक्टरकडं चाललोय, मी बरोबर थांबणार.’ वाटेत पाण्याची बाटली दुकानातून त्याच्या डोळ्यांदेखत घ्या. सील त्यालाच फोडू द्या.