“मॅडम, डाएट तर नाही ना देणार?”

मी समुपदेशक. पहिल्याच फोनवर कुणी हे विचारलं की मी समजते, माणूस आधी कुठेतरी पोळून आलाय. मागोमाग आवाज खाली आणून दुसरा प्रश्न येतो, “आणि मी गे आहे, चालेल ना?” ही जोडी इतक्यांदा कानावर पडली आहे की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. जाड माणसाला वजनावरून न टोचणारा आणि समलिंगी असण्याला आजार न समजणारा थेरपिस्ट शोधायचा कसा?

एका मुलीच्या निमित्ताने सांगते. तिला रेवा म्हणू. नाव, गाव, नोकरी सगळं बदललंय, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

रेवा 27 वर्षांची, साताऱ्याकडची, नोकरीला पुण्यात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, सकाळी ऑफिसच्या वाटेवर छातीत धडधड. माझ्याआधी तिची तीन ठिकाणं झाली होती. पहिल्या बाई म्हणाल्या, “दहा किलो उतरव, कॉन्फिडन्स येईल, स्थळंही येतील.” दुसरीकडे टेबलावर समलिंगी समुदायाचा सप्तरंगी झेंडा होता, मुली आवडतात म्हटल्यावर छान स्वागत झालं, पण तिसऱ्या भेटीत रोजचं जेवण वहीत लिहून आणायला सांगितलं. तिसऱ्याने तर दोन्हींची गाठच मारून दिली, “मुलांनी कधी बघितलं नसेल तुझ्याकडे, म्हणून मुली आवडायला लागल्या. बारीक झालीस की बघ!”

हे सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही.

आता माझा पराक्रम. पाचव्या की सहाव्या भेटीला ती आली तेव्हा कुर्ता अंगावर सैल दिसत होता. मी बोलून गेले, “आज बारीक दिसतेयस गं!” कौतुकानेच. ती “थँक्यू” म्हणाली, मांडीवरची पर्स पोटाशी घट्ट धरली आणि उरलेला वेळ हो-नाहीपलीकडे गेली नाही. पुढची भेट तिने रद्द केली.

परत आली तेव्हा मीच विषय काढला. “मागच्या वेळी मी बोलले ते चुकलंच माझं.”

बराच वेळ ती पर्सची चेन मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, चार दिवस जेवण गेलं नव्हतं मला. आईला माझ्याबद्दल कळलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, बारीक दिसतेयस.”

हीच मुलगी हडकुळी असती तर तिचा चेहरा बघून मी आधी विचारलं असतं, “जेवलीस का?” जाड माणूस उपाशी राहिला की आपल्याला तो सुधारलेला वाटतो. खाण्याचे विकार हाडं दिसणाऱ्यांनाच होतात, हा समज माझ्याच क्षेत्रातल्या कितीतरी जणांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

“आणि ही खुर्ची,” ती पुढे म्हणाली. वेताची, दोन्ही बाजूंना हात असलेली, मी हौसेने आणलेली. ते हात तिच्या मांड्यांना रुतायचे, म्हणून ती पहिल्या दिवसापासून कडेवर बसत होती. मला वाटायचं, अवघडलीय मनाने! दुखणं माणसाच्या आत शोधण्याआधी त्याच्या भोवती शोधावं, हे मी नव्या समुपदेशकांना कित्येक वर्षं शिकवते, आणि बरं शिकवते. माझ्याच खोलीतली खुर्ची मला दिसली नव्हती.

त्या दिवसापासून आमचं काम खरं सुरू झालं. झोप थोडी सुधारली, धडधड मात्र हटेना. औषधाची गरज दिसत होती, आणि ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देऊ शकतात, मी नाही. रेवा घाबरली. “परत पहिल्यापासून सगळं सांगायचं?”

“सांगू नकोस. तूच विचार त्यांना.”

एक अख्खी भेट आम्ही एका मेसेजवर घालवली. पहिल्या खर्ड्याची सुरुवात ‘सॉरी, पण’ अशी होती. मी एवढंच विचारलं, “सॉरी कशाबद्दल?” तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अंगठ्याने एकेक अक्षर खोडत गेली. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या मोठ्या क्षणांपैकी तो एक. शेवटी उरलं ते असं: ‘माझं वजन जास्त आहे. मला मुली आवडतात. यातलं काहीही बदलायचं नाही. झोप आणि धडधड यावर उपचार हवे आहेत. तुम्हाला जमेल का?’

तिघांना पाठवला. एकाचं उत्तर, “आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो.” ऐकायला गोड, पण असं म्हणणाऱ्यांनी बहुधा कधी विचारच केलेला नसतो. दुसऱ्याचं, “या, वजनाचंही बघू.” तिसऱ्या डॉक्टरबाईंनी फोनच केला. म्हणाल्या, “जमेल. काही औषधांनी वजन वाढतं, ते आधीच सांगेन. वजन करावंच लागलं तर का तेही सांगेन. आकडा बघायचा नसेल तर काट्यावर पाठमोरी उभी राहा.” तिथे ती टिकली.

तेव्हा फोनवरच विचारा. क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे व्यक्तींसोबत काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का? मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी असा कोर्स चालवते, त्यामुळे प्रश्न आगाऊपणाचा नाही. कुणी लैंगिक कल ‘बदलून देतो’ म्हणालं तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार करणं डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात भेदभाव करू नये अशा गोष्टींच्या यादीत लैंगिक कल नावानिशी आहे. वजनाचं नाव त्यात नाही. दाखवायला कागद नसला की तोंडानेच विचारावं लागतं: मी विषय काढला नाही तर माझ्या वजनाबद्दल तुम्ही बोलाल का? तुमच्याकडे हात नसलेली खुर्ची आहे का? समोरचा या प्रश्नावर हसला तर तुमची फी वाचली. शोधाशोधीत रात्र अवघड गेली तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे.

गेल्या महिन्यात रेवा सहज भेटायला आली. नव्या खुर्चीत मागे रेलून बसली, पर्स खाली जमिनीवर.

“जुनी कुठंय?”

“माळ्यावर.”

“विकून टाका हो, मॅडम.”