डिशवॉशरच्या तळाशी साचणारे पाणी

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षापासून डिशवॉशर आहे. मध्यंतरी स्वयंपाकघराचे काम काढले, तेव्हा सिंक आणि त्याखालची सगळी नळजोडणी बदलली. तेव्हापासून सकाळी दार उघडले की यंत्राच्या तळाशी दोन-तीन बोटे घाण पाणी दिसते. दुरुस्तीला आलेले गृहस्थ पंप बदला म्हणतात. बदलावा का? – एक वाचक, पुणे

उत्तर : इतक्यात बदलू नये. पाणी बाहेर टाकणारा पंप बिघडला, तर बहुतेक यंत्रे मध्येच थांबतात आणि पडद्यावर दोषाचा संकेत दाखवतात. आपले यंत्र मात्र काम पूर्ण करते आहे. शिवाय त्रास सुरू झाला तो नळजोडणी बदलल्यावर. त्यामुळे माझा संशय सिंकखालच्या सांडपाण्याच्या नळीवर आहे. ही नळी कपाटाच्या तळाशी तशीच लोळत ठेवून पुढे सिंकच्या पाइपाला जोडली असेल, तर सिंकमधले पाणी तिच्यातून उलटे यंत्रात शिरते.

याची परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद व तळ कोरडा असताना सिंक काठोकाठ भरावे, एकदम मोकळे करावे आणि दहा मिनिटांनी यंत्रात डोकावावे. पाणी दिसले, तर ते सिंकचेच. मग ही नळी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच नेऊन तिथे पक्की बांधावी आणि वळसा देऊन खाली पाइपाला जोडावी. किती उंचीवर न्यावी हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती ४० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान असते, असा साधारण अनुभव आहे.

पाणी दिसले नाही, तर तळाची गाळणी फिरवून बाहेर काढावी. आपल्या स्वयंपाकात फोडणी असतेच, त्यामुळे मोहरी, कढीपत्त्याचे देठ, भाताची शिते आणि थिजलेले तूप तिथे हमखास सापडते. गाळणीखालच्या खळग्यात काचेचा तुकडा पंपाच्या पात्याशी अडकलेला असू शकतो. म्हणून प्लग काढून, पाणी स्पंजने टिपून मगच तिथे हात घालावा, आणि तोही मोजा घालून. खळग्यात राहणारे थोडेसे स्वच्छ पाणी मात्र दोष नव्हे. त्यामुळे रबरी सील सुकत नाहीत.

प्रश्न : आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. यंत्र पाणी घेता घेता थांबते आणि नळाचे चिन्ह दाखवते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. गच्चीवरची टाकी आपल्या नळाच्या जेमतेम तीन-चार मीटर वर असेल, तर दाब ०.३ ते ०.४ बार एवढाच मिळतो, आणि किमान ०.५ बार मागणारी यंत्रे बरीच आहेत. तरीही लगेच दाब वाढवणारा पंप विकत घेऊ नये. आधी अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का ते पाहावे. तो बंद करून पाणी आत आणणारी नळी सोडवली, की तिच्या टोकाशी किंवा यंत्राच्या तोंडाशी बारीक जाळी दिसेल, ती जुन्या टूथब्रशने साफ करावी. सोसायटीची टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात ही जाळी गाळाने भरलेली असते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. एवढे करूनही कॉकखालची बादली मिनिटभरात दहा लिटरांपर्यंत भरत नसेल, तर मात्र पंपाला पर्याय नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्यामुळे काचेच्या पेल्यांवर पांढरा थर बसतो. घरातले मीठ घातले तर चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. स्वयंपाकाच्या मिठात ते मोकळे राहावे म्हणून मिसळलेली द्रव्ये असतात आणि ती पाणी मृदू करणाऱ्या भागात साचतात. डिशवॉशरसाठी मिळणारे जाडे मीठच वापरावे आणि यंत्रातील कठीणपणाची पातळी आपल्या पाण्यानुसार लावून घ्यावी. मीठ भरताना थोडे सांडतेच, म्हणून ते यंत्र सुरू करण्याच्या अगदी आधी भरावे, म्हणजे सांडलेले खारे पाणी लगेच धुऊन जाईल आणि तळाच्या स्टीलवर गंजाचे डाग पडणार नाहीत.