ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं: डिस्क लेथवर फिरवून घ्यावी की नवी टाकावी?

वेगात ब्रेक दाबला की तुमचं स्टिअरिंग थरथरतं. एक मेकॅनिक म्हणतो पुढच्या दोन्ही डिस्क बदला, दुसरा म्हणतो लेथवर फिरवून, म्हणजे वरचा पातळ थर कापून सपाट करून देतो. पण दोघांपैकी कुणी डिस्कची जाडी मोजली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोजली नसेल तर दोघांचंही म्हणणं तूर्त बाजूला ठेवा.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. वायर ब्रशने गंज काढला की दिसतो. नवी डिस्क 22 मिमीची असेल तर हा आकडा बहुधा 20 च्या आसपास असतो. म्हणजे दोन्ही बाजू मिळून झिजायला जेमतेम 2 मिमी. त्याखाली गेलेली डिस्क लवकर तापते, त्यामुळे तिथे चर्चाच संपते.

मोजायला मायक्रोमीटर उत्तम. साधा व्हर्नियर लावलात तर फसाल, कारण जिथे डिस्कला दाबणारा ब्रेक पॅड पोचत नाही त्या बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उभा राहतो आणि व्हर्नियर तोच मोजतो. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून व्हर्नियरने मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. गोलाकार सहा-आठ ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी भरेल ते माप धरा.

समजा 20.9 भरली. चरे जायला दोन्ही बाजूंनी प्रत्येकी 0.3 काढावे लागले तर उरली 20.3. कागदावर पास! पण नवे पॅड संपेपर्यंत डिस्कही झिजणारच, आणि ती मधेच 20 च्या खाली जाईल. असल्या डिस्कवर मी लेथची मजुरी घालत नाही. तीच 21.5 भरली असती तर बिनदिक्कत फिरवून घेतली असती.

जाडी भरपूर असूनही बदलावी लागते ती दोन कारणांनी. एक म्हणजे तडा, विशेषतः कडेपर्यंत गेलेला. दुसरं, जास्त तापून पडलेले निळसर-काळे डाग. तिथलं बीड आतून कडक झालेलं असतं, त्यामुळे लेथवर चकचकीत झालेली डिस्क काही दिवसांत पुन्हा तिथेच उंच होते. (मोटरसायकलची डिस्क मुळातच पातळ असते, ती फिरवायच्या फंदात पडू नका.) उलट, नुसते बारीक चरे असतील आणि थरथर नसेल तर यातलं काहीच करू नका, फक्त पॅड बदला.

आता तुमची थरथर. 'डिस्क वाकली' असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. 0.02 मिमीचा फरकही पायाला जाणवू शकतो. मी एकदा डिस्क फिरवून घेतल्या, गाडी लोण्यासारखी थांबू लागली, आणि तीन महिन्यांत थरथर परत! नवे पॅड टाकले, उपयोग शून्य. शेवटी डिस्क उतरवली तर हबच्या, म्हणजे ज्यावर डिस्क आणि चाक बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा नखाएवढा पापुद्रा. त्याच्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसत होती आणि ब्रेक न दाबताही दर फेरीला एकाच जागी पॅडला घासून तिथेच पातळ होत होती. नवी डिस्क टाकली असती तर तिचंही तेच झालं असतं.

म्हणून काहीही ठरलं तरी हब घासून स्वच्छ करायला लावा आणि डिस्क बसवल्यावर ती फिरताना किती डोलते ते मोजणारं डायल गेज लावून बघायला सांगा. साधारण 0.05 मिमीच्या आत डोलली तर ठीक, नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का तेही बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलाय म्हणजे बहुधा पिन अडकलीय. डिस्क बदलायच्या ठरल्या तर दोन्ही चाकांच्या एकदम बदला, पॅडही नवेच घ्या. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा. मग मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगावरून मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मधे थोडं थंड होऊ द्या. आणि नट आवळताना त्या पोराला एअर गनने ठोकू देऊ नका, समोरासमोरचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्याच ताकदीने आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या. वाकडे आवळले गेले तर डिस्क त्यानेही डोलते.