साठीला हॉल नको म्हणणाऱ्या ताईंना

नाशिकहून आलेलं पत्र, थोडक्यात असं:

"या महिन्यात मला साठ पूर्ण होतात. मी निवृत्त शिक्षिका. साखर नाही, पण रक्तदाबाने दोन्ही किडन्या गेल्या. चार वर्षं झाली, सोम-बुध-शुक्र सकाळी डायलिसिस असतं. घरी मी आणि हे. मुलगा, सून, नातू पुण्याला, लेक-जावई इंदूरला. वाढदिवस रविवारी येतोय. मुलाने त्या संध्याकाळी हॉल घ्यायचं ठरवलंय, दीडशे पानं. मला फक्त घरातली सात माणसं हवीत. त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'तुमच्या मनाला येईल ते करा.' गेल्या आठवड्यात तो आला होता. मी स्वयंपाकघरात असताना फोनवर बहिणीला म्हणाला, 'करून घेऊ गं, पुढचं कोणी बघितलंय?' तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मुलगा एवढ्या हौसेने करतोय आणि मला नको वाटतंय. मी कृतघ्न आहे का?"

ताई, कृतघ्न नाही आहात. थोड्या लबाड मात्र आहात, ते आधी सांगून टाकते.

"तुमच्या मनाला येईल ते करा." हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं वापरलंय, त्यामुळे त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे. आईच्या तोंडून ते आलं की त्याचा अर्थ "खबरदार करशील तर" असा असतो. पण हे आईला ठाऊक, फार तर लेकीला. मुलगे ते शब्दशः घेतात. तुमच्या मुलाने परवानगी मिळाली असं समजून हॉल शोधला, यात त्याचा काय दोष? शाळेत एखाद्या पोराने असं मोघम उत्तर लिहिलं असतं तर तुम्ही त्याला गुण दिले नसतेत. तेव्हा नकार तुम्हालाच द्यायचाय, स्पष्ट शब्दांत, आणि हॉलचे पैसे भरायच्या आत.

तो कसा द्यायचा ते पुढे सांगते. आधी त्या रविवारचं बघू, कारण इथे तुमच्या मनाइतकंच तुमचं शरीरही "नको" म्हणतंय.

माझी थोरली बहीण नऊ वर्षं डायलिसिसवर होती. तिच्या घरात आठवड्याचे वार इतरांसारखे नव्हतेच. मशीनचा दिवस म्हणजे पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखा. चार तास मशीनवर, मग घरी येऊन झोप, मध्येच पायात गोळे. दुसऱ्या दिवशी माणूस माणसात. पण शुक्रवारनंतर थेट सोमवार, हा मधला मोठा खंड सगळ्यात जड. अंगात पाणी साठत जातं, रविवारी संध्याकाळपर्यंत पाय जड होतात, जिना चढताना दम लागतो. तुम्हाला हे मी काय सांगावं! सांगायचंय ते मुलाला. त्याने आठवड्यातली नेमकी तीच संध्याकाळ निवडलीय आणि त्याला याचा पत्ताच नाही, कारण पुण्याहून तो येतो तो शनिवारी, तुमच्या चांगल्या दिवशी. त्याने तुम्हाला बघितलंय ते बरंचसं शनिवारचं.

आणि त्या हॉलमधलं पान मी डोळ्यांसमोर आणते. टोमॅटोचं सूप, बटाट्याची भाजी, पनीर, पापड, लोणचं, वर बासुंदी. तुमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यावर लाल शाईने खुणा केल्या तर पांढरा भात तेवढा उरेल. त्यात दीडशे माणसं म्हणजे दीडशे वेळा "घोटभर सरबत तरी घ्या". पाण्याचा हिशोब कपाने ठेवणाऱ्या माणसाला घोटभर म्हणजे किती, हे ज्याच्या घरात हा आजार नाही त्याला कळत नाही. शिवाय "किडनी बदलून का घेत नाही?" असं विचारणारे चार जण असतातच. सगळे प्रेमानेच विचारतात. उत्तर देऊन दमायचं ते तुम्ही.

म्हणून माझं म्हणणं, वाढदिवस शनिवारी करा. तारखेला धक्का लावायचा का, असं वाटेल. अहो, आपल्याकडे तारखेचं एवढं प्रस्थ कधी होतं? आपल्या आयांनी आपले वाढदिवस तिथीने केले, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी लागलं, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढून तुमची तिथीही बघा. ती मंगळवारी किंवा गुरुवारी येत असेल तर त्या दिवशी ह्यांच्या हातचा चहा घ्या आणि तो तुमचा दुसरा वाढदिवस समजा. नणंदबाई साठीच्या शांतीचा आग्रह धरतील. तुम्हाला मनापासून हवी असेल तर एक गुरुजी घरी बोलवून थोडक्यात करता येते. होमाचा धूर सोसत नसेल तर तेही राहू द्या.

आता ते वाक्य. "पुढचं कोणी बघितलंय?"

तुम्हाला ते ऐकून वाटलं की पोरं आपला निरोपसमारंभ आखताहेत. तुम्ही पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण झोप उडाली ती त्यानेच. मी तुम्हाला "तसं काही नसतं हो" म्हणणार नाही. त्याच्या मनात भीती आहेच. चार वर्षं आहे. पुण्यात रात्री उशिरा फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येत असणार, आणि याबद्दल तो तुमच्याशी एक अक्षर बोललेला नाही, कारण तुम्हीही त्याच्याशी बोललेला नाहीत. त्याच्यासारखी माणसं भीतीवर काहीतरी बुक करून टाकतात. हॉल, केटरर, फोटोग्राफर. काहीतरी केल्याचं समाधान.

पण त्याच्याच तर्काने बघा. पुढचं कोणी बघितलेलं नसेल, तर दीडशे पाहुण्यांत त्याच्या वाट्याला आई किती येणार? स्टेजवर फोटोपुरती.

म्हणून नकार देताना नुसतं "नको" म्हणू नका, त्याला काम द्या. शुक्रवारी सकाळीच नाशिकला यायला सांगा आणि डायलिसिसला ह्यांच्याऐवजी त्याला बरोबर न्या. चार तास. वजनकाट्यावर तुम्ही उभ्या राहाल, ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा, किती वाढलंय ते टेक्निशियन बघेल, आज किती काढायचं ते ठरेल, सुया टोचतील. हे सगळं त्याला बघू दे. शेजारच्या खाटेवरच्या काकांशी तुमची चार वर्षांची ओळख आहे, तीही बघू दे. मग घरी येऊन तुम्ही झोपाल तेव्हा तो शेजारी बसेल. मला वाटतं, हॉलचं बोलणं त्या दुपारनंतर फारसं करावं लागणार नाही. ह्यांनाही चार वर्षांतला एक शुक्रवार सुट्टीचा मिळेल. पत्रात त्यांच्याबद्दल तुम्ही "घरी मी आणि हे" यापलीकडे एक ओळ लिहिलेली नाही, म्हणून आठवण करून देते.

पण तोपर्यंत थांबू नका, फोन आजच करा. शब्द हवे असतील तर हे घ्या: "बाळा, मी 'मनाला येईल ते करा' म्हटलं ते खोटं होतं. मला हॉल नकोय. मला तुम्ही सहाजण हवे आहात, शनिवारी, घरी. आणि तू फोनवर बोललेलं मी ऐकलंय. मलाही भीती वाटते. आपण त्यावर बोलू." शेवटची तीन वाक्यं कठीण जातील. ती गाळू नका.

धीरासाठी एक गोष्ट सांगते. डायलिसिसचं यंत्र पहिल्यांदा चाललं ते हॉलंडमध्ये, डॉ. कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बनवलेलं. त्यावर वाचलेली पहिली रुग्ण म्हणजे १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई. बेशुद्ध होती, बरेच तास यंत्र लावल्यावर शुद्धीवर आली. आणि असं सांगतात, की डोळे उघडल्यावर ती पहिलं काय म्हणाली, तर "मी आता नवऱ्याला सोडणार"! तुम्हाला तर नुसता एक हॉल सोडायचाय.

नातेवाइकांना निरोप मुलाकडूनच जाऊ दे, तुम्ही एकेकाची समजूत काढत बसू नका. "आईची साठी आम्ही घरातल्या घरात करतोय. तिला शुभेच्छा लिहून किंवा आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, ती सवडीने ऐकेल. फोन करू नका." एवढं पुरे. एक जाऊबाई रुसतील. त्या तुमच्या लग्नातही रुसल्या असतील.

शनिवारच्या जेवणाचं तुम्ही जाणताच, तरी सुनेसाठी लिहिते. भात, पातळ नको असं बेताचं वरण, दुधीची किंवा दोडक्याची भाजी, मऊ पोळ्या, मीठ हात राखून. गोडाला रव्याचा शिरा, दूध आणि केळं न घालता पाण्यात केलेला, वरून वेलदोडा. काजू-बेदाणे नातवाच्या वाटीत. बटाट्याची भाजी पोरांसाठी करायचीच असेल आणि तुम्हाला चमचाभर चाखायची असेल, तर सालं काढून बारीक फोडी कोमट पाण्यात भिजवून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं. त्याने पोटॅशियम कमी होतं, संपत नाही, तेव्हा चमचाभर म्हणजे चमचाभरच. मिठाऐवजी मिळणारं ते 'लो सोडियम' मीठ कोणी प्रेमाने आणलं तर परत पाठवा, त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. बाकी तुमच्या आहारतज्ज्ञ बाईंना एकदा विचारून घ्या, प्रत्येकाचे आकडे वेगळे असतात.

माझी बहीण सणाच्या पानाशेजारी एक स्टीलची वाटी ठेवायची, त्यात बर्फाचे चार खडे. सगळे मठ्ठा प्यायचे तेव्हा ती एक खडा गालात धरायची, अगदी सावकाश, आणि बोलणाऱ्याकडे बघत नुसती मान हलवायची. त्या चार खड्यांचं पाणीही तिच्या हिशोबात धरलेलं असायचं. कोणी "तू काहीच घेत नाहीस" म्हटलं की वाटी वाजवून दाखवायची.

साठ दिव्यांनी ओवाळायचं असेल तर त्याला हॉल लागत नाही, कणीक लागते. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही पडलेल्या असाल तेव्हा नातवाला खाटेशेजारी परात घेऊन बसवा. वाकडेतिकडे होतील. मोजायचं काम तुम्ही पडल्यापडल्या करा. शिक्षिका आहात, एकोणसाठ झाले तर तुमच्याच लक्षात येईल. ओवाळताना खुर्चीत बसा, पाटाचा हट्ट नको. आणि शनिवारीही अंग साथ देईना, तर आतल्या खोलीत पडा, दार उघडं ठेवा. पोरं एकेक करून आत येतील, ताटं घेऊनसुद्धा.

ताजा कलम: फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने तयार केलेली हातातली शीर, कुठल्या हाताला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्या हातावर दाब नको. साठीच्या पाटल्या सुनेने गुपचूप करायला टाकल्याच असतील, असा माझा अंदाज. तो हात सोडून दोन्ही दुसऱ्या हातात घाला. हे तिला आत्ताच सांगून ठेवा, माप त्याच हाताचं जाऊ दे.