गोव्याचं कोळशावरचं वीज केंद्र लोकांनी घालवलं का?

तुमचा प्रश्न असा की गोव्यात कोळशावर चालणारं वीज केंद्र होणार होतं, ते आंदोलनामुळे रद्द झालं, हे खरं का. अर्धं खरं. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते.

ज्या आंदोलनांबद्दल ऐकलंत, ती आमच्या दोन्ही शेजाऱ्यांकडची. वर देवगडजवळ गिर्ये-मुणगे इथे 4000 मेगावॅटचा महाप्रकल्प ठरला होता. हापूसच्या बागा आणि मासेमारी जाणार म्हणून तिथले लोक उठले. खाली कारवारजवळ काळी नदीकाठी हणकोणला आणि गोकर्णाजवळ तदडीला अघनाशिनीच्या मुखाशी असेच बेत होते. यातलं एकही केंद्र झालं नाही. सिंधुदुर्ग आणि कारवार दोन्हीकडे आमची सोयरीक, त्यामुळे इथल्या गप्पांत ते सगळं "आमच्याकडे होणार होतं" असं होऊन जातं.

गोव्याचा स्वतःचा बेत मात्र घोषणा-मोर्च्यांशिवाय मेला. 2008 मध्ये गोवा औद्योगिक विकास महामंडळाला छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यातला गारे पालमा सेक्टर-3 हा कोळशाचा पट्टा मिळाला, विजेसाठी. 24 सप्टेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरातली 204 पट्ट्यांची वाटपं रद्द केली, त्यात तोही गेला. पुढे तो छत्तीसगडच्याच वीज कंपनीला मिळाला. गंमत बघा, हा पट्टा आहे तमनार भागात. पट्टा गेला, पण तमनार हे नाव नंतर मोलेच्या जंगलातून येणाऱ्या गोवा-तमनार उच्चदाब वीजवाहिनीच्या वादामुळे गोव्यात घरोघरी पोचलं!

पण समजा पट्टा राहिला असता, तरी केंद्र गोव्यात बसलं असतं असं मला वाटत नाही. हिशेब साधा आहे. गोव्याची कमाल मागणी काही वर्षांपूर्वीपर्यंत सहाशे-सातशे मेगावॅटच्या घरात होती. आजकालचा वीज बनवणारा एक मोठा संच 660 मेगावॅटचा. म्हणजे एक संच बसवला की जवळजवळ सगळं राज्य त्याच्यावर, आणि तो दुरुस्तीला बंद पडला की पुन्हा बाहेरूनच वीज घ्यायची. शिवाय राख. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. दहा गाड्या कोळसा जाळला की तीन-चार गाड्या राख उरते. 3702 चौरस किलोमीटरच्या राज्यात, जिथे एका बाजूला अभयारण्यं आणि दुसऱ्या बाजूला किनारा, तिथे राखेचा तलाव कोणाच्या शेतात करणार? कोळसा जिथे निघतो तिथेच जाळून वीज तारांवरून आणणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

सांकवाळला 48 मेगावॅटचं केंद्र होतं, पण ते नाफ्त्यावर, म्हणजे पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या इंधनावर चालायचं. वीज महाग पडे. 2014 मध्ये करार संपला.

तेव्हा केंद्र नाही म्हणजे गोवा कोळशापासून सुटला, असं समजू नका. वास्कोत राहणाऱ्याला विचारा. आमच्या गॅलरीच्या कठड्यावरून सकाळी ओलं फडकं फिरवलं की काळं होतं, आणि वाळत घातलेले पांढरे कपडे दुपारच्या आत उचलावे लागतात. तो कोळसा गोव्यात जाळायचा नसतो. मुरगाव बंदरात उतरून तो रेल्वेने कुळे-कॅसलरॉकमार्गे कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. दुपदरी रुळांविरुद्ध नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले होते, ते याच वाहतुकीला विरोध म्हणून. वीज केंद्राशी त्याचा संबंध नव्हता. ही आणखी एक सरमिसळ!

आणि घरात दिवा लागतो तो बहुतांशी कोरबा, विंध्याचल, सिपत, रामगुंडम इथल्या वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशावर. खात्री करायची असेल तर संयुक्त वीज नियामक आयोगाचा गोव्यासाठीचा दर-आदेश उघडा. कुठल्या केंद्राकडून किती वीज घेतली आणि काय भावाने, याचा तक्ता त्यात असतो.