शास्त्रज्ञांच्या समितीनं मंजूर केलेलं मंत्र्यानं अडवलं, तर ती विज्ञानात ढवळाढवळ होते का?

माझ्या मते होत नाही. मात्र मंत्र्यानं समितीच्या निष्कर्षाला हात लावू नये, आणि अडवायचं तर कारणं देऊन, स्वतःच्या सहीनं अडवावं.

मी जळगाव जिल्ह्यातला, त्यामुळे उदाहरण म्हणून मला वांगंच आठवणार. थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. पांढरट हिरवी, भलीमोठी, कमी बियांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि कळण्याच्या पुरीबरोबर हाणायची. त्या काड्या बीटी, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीच्या असतात, त्यामुळे बीटी म्हटलं की दचकणारी माणसं आम्ही नव्हे. (सरकीचं तेल पोटात जातंच, ते वेगळं.)

14 ऑक्टोबर 2009 ला जनुकं बदललेल्या पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या जीईएसी समितीनं बीटी वांग्याला हिरवा कंदील दिला. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याचा किती सत्यानाश करते हे पिकवणाऱ्याला विचारा, म्हणजे त्या वाणाची गरज कळेल. तरीही तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती दिली. समितीचा अहवाल त्यांनी बदलायला लावला नाही. आपली कारणं सविस्तर लिहून जाहीर केली. याउलट सोव्हिएत रशियात, स्टालिनचा पाठिंबा असलेल्या लिसेंको या कृषितज्ज्ञाच्या काळात, आनुवंशिकतेचे नियम कोणते हेच सत्तेनं ठरवलं, आणि वाव्हिलोव्हसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ 1943 मध्ये तुरुंगात मेला. ढवळाढवळ म्हणतात ती ही.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. रमेश यांनी देशातल्या सहा विज्ञान अकादमींचं मत मागवलं. सप्टेंबर 2010 मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालातला काही मजकूर सरकारच्याच जैवतंत्रज्ञान विभागाच्या पत्रिकेतल्या लेखातून जसाच्या तसा उचललेला निघाला. वर तो लेख बीटी वांग्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा! अहवाल नंतर सुधारून दिला, पण अब्रू जायची ती गेली. इथं कुणी मंत्री दमदाटी करत नव्हता, गप्प बसा म्हणत नव्हता. स्वतंत्र मत द्यायची संधी चालून आली आणि विद्वानांनीच ती घालवली.

जीईएसीचंही तसंच. अध्यक्ष पर्यावरण मंत्रालयाचा अधिकारी, चाचण्यांची बरीचशी आकडेवारी अर्जदार कंपनीची, आणि ती लोकांपुढे यायला माहितीच्या अधिकाराची लढाई नि सुप्रीम कोर्ट लागलं. तेव्हा एका बाजूला स्वतंत्र शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला सरकार, ही तुमच्या प्रश्नातली वाटणीच मला पटत नाही.

माझी तक्रार स्थगितीनंतरच्या काळाबद्दल आहे. बांगलादेशानं 2013 मध्ये हेच वांगं लावायला परवानगी दिली. तिथल्या शेतांतले आकडे मागवून, कंपनीशी आणि मंत्रालयाशी देणंघेणं नसलेल्या माणसांकडून तपासून घ्यावेत आणि काय ते एकदाचं जाहीर करावं, एवढं तरी रमेश यांच्यानंतरच्या मंत्र्यांनी करायला हवं होतं.