मोफत ‘टच-अप’ची वाट बघता बघता तक्रारीची मुदत संपते

प्रश्न, थोडक्यात: नाशिकच्या एका वाचक भगिनींनी २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पुण्यातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये पोट, कंबर आणि मांड्यांचे लेझर लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी काढण्याची शस्त्रक्रिया, करून घेतले. खर्च १ लाख ४५ हजार. त्यातले ४० हजार रोख दिले, त्याची पावती नाही; बाकीचे यूपीआयने दिले. पाचव्या दिवशी बेंबीशेजारची कातडी काळी पडली. जखम भरायला दोन महिने लागले आणि तिथे आता डाग व खळगा आहे. पोटही उंचसखल झाले आहे. क्लिनिकने आधी ‘सहा महिने थांबा’ सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये मोफत टच-अप, म्हणजे छोटी दुरुस्ती, केले, पण फरक पडला नाही. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर ‘पुन्हा करून देऊ’ एवढेच उत्तर येते. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लिनिकने एक कागद पाठवला आहे: दुसरे टच-अप मोफत, पण आधी ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ यावर सही. केस होईल का, कुठे, किती भरपाई मिळेल, हा प्रश्न आहे. शिवाय नणंदेने दुसऱ्या क्लिनिकमध्ये याच शस्त्रक्रियेसाठी पुढच्या महिन्यातली तारीख घेतली आहे. तिने काय बघावे?

उत्तर:

डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात का, हे इथे पुन्हा सांगत बसत नाही. १९९५ पासून येतात, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही येतात. तुमच्या प्रकरणात निर्णायक गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे कलम ६९. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. तुमच्यासाठी सुरक्षित मानावी अशी शेवटची तारीख २२ नोव्हेंबर २०२५ आहे आणि त्या दिवशी शनिवार आहे. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येते, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो करायची वेळ येऊ देऊ नका. तक्रार १५ तारखेच्या आत ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर चढलेली असली पाहिजे.

‘डॉक्टरच थांबा म्हणाले होते, मग मुदत तेव्हापासून मोजायची ना?’ असे तुम्ही विचारता. हाच प्रश्न दर महिन्याला कोणी ना कोणी विचारते, आणि बहुतेक जण तो मुदत उलटल्यावर विचारतात. आश्वासनांनी, व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यांनी किंवा वकिलाच्या नोटिशीने मुदत वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा श्रीखंडे निकाल बघा. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका परिचारिकेची १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पोटात राहिलेला गॉज (जखमेत वापरायचा कापडाचा तुकडा) २००२ मध्ये निघाला आणि तक्रार २००४ मध्ये आली. इतकी उघड चूक असूनही तक्रार मुदतबाह्य ठरली, कारण नऊ वर्षे त्रास होत असताना, आणि स्वतः या क्षेत्रात असूनही, तिने वेळीच चौकशी केली नाही. त्या निकालातले तत्त्व असे, की इजा दिसण्यासारखी असेल तर मुदत त्याच दिवसापासून धावते आणि लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा शहाण्या माणसाला कळायला हवी होती तेव्हापासून. तुमची कातडी पाचव्या दिवशी काळी पडली. ही इजा लपलेली नव्हती.

पोटाच्या उंचसखलपणाचे थोडे वेगळे आहे. लायपोसक्शननंतरची सूज उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि सहा महिन्यांच्या आत दुरुस्ती करू नये हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच आहे. म्हणजे ‘सहा महिने थांबा’ हा सल्ला खोटा नव्हता. त्यापुढचे जे वर्ष गेले, ते मात्र तुम्ही स्वतःहून घालवलेत. उपचार ऑगस्ट २०२४ पर्यंत चालू होते म्हणून मुदत तेव्हापासून मोजावी, असे म्हणता येईल आणि एखादा ग्राहक आयोग ते मान्यही करील. पण त्या भरवशावर थांबणे म्हणजे सगळे प्रकरण एका युक्तिवादावर टांगणे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, मात्र त्यासाठी सबळ कारण लागते, आणि ‘ते आज-उद्या करत होते’ हे कारण बऱ्याचदा पुरे पडत नाही.

क्लिनिकने पाठवलेल्या त्या कागदावर सही करू नका. पूर्ण समाधान झाल्याचे लिहून दिल्यावर भरपाई मागणे फार अवघड होते, आणि ती सही दबावाखाली केली हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. टच-अपसाठीही आत्ता जाऊ नका. आधी दुसऱ्या, स्वतंत्र प्लास्टिक सर्जनकडून तपासून घ्या. डागाची लांबी-रुंदी, खळग्याची जागा, दुरुस्ती शक्य आहे का आणि तिचा अंदाजे खर्च हे सारे लेखी घ्या. भरपाईचा आकडा याच कागदावर उभा राहतो. मी इथे आकडा सांगणार नाही. तो पुराव्यावर आणि आयोगावर अवलंबून असतो, आणि मनाला येईल तेवढे लाख मागितल्याने तक्रारीचे वजन वाढत नाही.

दुसरे काम आजच करा. क्लिनिककडे लेखी अर्ज करून सगळे केस पेपर मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. तुमच्या मुख्य शस्त्रक्रियेची ती तीन वर्षे नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतात. टच-अप तुम्हाला दाखल न करता केले असेल, तर ‘ती नोंद ठेवायला आम्ही बांधील नाही’ असेही उत्तर येऊ शकते. म्हणून अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हीकडून पाठवा आणि पोच जपा. दिले नाही तर ती टाळाटाळही तुमच्या बाजूचा पुरावा ठरते.

‘सगळे रिपोर्ट द्या’ एवढेच लिहू नका, त्याने डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. संमतीपत्राची सगळी पाने, शस्त्रक्रियेआधीचे तारखेसह फोटो, भूलपूर्व तपासणी, भूलतज्ज्ञाच्या सहीचा भुलेचा तक्ता आणि ऑपरेशन नोट मागा. ऑपरेशन नोटमध्ये कोणत्या भागात किती द्रव सोडला, त्यात लिडोकेन (जागा बधिर करणारे औषध) आणि ॲड्रेनालिन (रक्तस्राव कमी करणारे औषध) किती होते, किती मिलिलीटर काढले, लेझर किती ऊर्जेवर किती वेळ चालवले, हे असायला हवे. ‘ट्यूमेसंट (म्हणजे हाच बधिर करणारा द्रव) दिले, लायपोसक्शन केले, रुग्ण स्थिर’ एवढ्या तीन ओळीच असतील, तर त्या रिकाम्या जागाच तुमच्या वकिलाच्या कामाच्या आहेत.

आता तुमच्या बाजूची ताकद कशात आहे ते बघू. उंचसखलपणा हा लायपोसक्शनचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे. तो झाला म्हणून निष्काळजीपणा झाला असे कोणताही आयोग आपोआप मानत नाही. प्रश्न असा, की तो होऊ शकतो हे तुम्हाला आधी सांगितले होते का. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की प्रक्रियेचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या दारात, दहा मिनिटे आधी, इंग्रजी कागदावर सही केलीत आणि प्रतही घेतली नाहीत. सही करताना तो कागद वाचून दाखवा म्हणायला हवे होते. तरीही त्या दहा मिनिटांचा तुम्हाला उपयोग होईल, म्हणून ती वेळ प्रतिज्ञापत्रात नोंदवा. तेव्हा सोबत कोण होते, त्यांचेही प्रतिज्ञापत्र जोडा.

भाजल्याचा डाग हा त्याहून मजबूत मुद्दा आहे. कातडीच्या अगदी जवळून लेझर चालवले किंवा एकाच जागी जास्त वेळ धरले, तर कातडीचा रक्तपुरवठा जातो आणि ती मरते. अशा उघड प्रकरणात प्रत्येक वेळी तज्ज्ञाचे मत लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या किशन राव निकालात म्हटले आहे. तरी मत घ्याच. सामनेवाले त्यांच्याकडून एखाद्या प्राध्यापकाचे मत नक्की आणतील.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करा. ‘वाद फक्त पुण्याच्या न्यायालयात’ असे त्यांच्या कागदावर असले, तरी कलम ३४ तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जागी दाखल करायची मुभा देते, आणि साधारणपणे तीच टिकते. कोणत्या आयोगात जायचे हे मागितलेल्या भरपाईवर नाही, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य. यूपीआयची नोंद असल्याने मोबदला दिल्याचा वाद राहणार नाही. रोख ४० हजारांचे काय करायचे, ते मात्र मलाही कठीण दिसते. बिल न घेता रोख दिलेत तेव्हाच ती रक्कम हातची गेली. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता, आणि रोखीचा आग्रह बऱ्याचदा तेवढ्यासाठीच असतो. ठरलेली एकूण रक्कम चॅटमध्ये कुठे लिहिलेली असेल तर ती शोधा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका, आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडा.

नोटीस पाठवणे बंधनकारक नाही. पाठवायची तर पाठवा, पण ‘१५ दिवसांची मुदत’ देऊन तेवढे दिवस बसून राहू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जरूर करा. तिथे डॉक्टरवर कारवाई होऊ शकते, तुम्हाला पैसे मिळत नाहीत, आणि त्या तक्रारीने कलम ६९ चे घड्याळ थांबत नाही. पोलिसांकडे जाण्यात सध्या वेळ घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवरच्या फौजदारी गुन्ह्यासाठी ठळक, गंभीर निष्काळजीपणा लागतो.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचे म्हटले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि तारखांमागून तारखा पडतात हे पाहून संताप येतो. निदान एक गोष्ट तुमच्या हातात आहे. सामनेवाल्यांना कैफियत (लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले. शेहेचाळिसाव्या दिवशी तुमच्या वकिलांनी उभे राहून ‘कैफियतीशिवाय पुढे चालवा’ असा अर्ज द्यायलाच हवा. तो दिला नाही, तर प्रकरण तिथेच महिनोन्महिने पडून राहते.

आता नणंदेचे. तिने संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या निदान आठवडाभर आधी, मराठीत, घरी आणून वाचावे. सर्वांत आधी डॉक्टरांचे नाव बघावे. ‘डॉक्टर किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती’ असे असेल तर ते खोडून सर्जनचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा, आणि तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासावा. पदवी एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी असावी. ‘कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स’ ही त्याची बरोबरी नव्हे. ‘गरज वाटल्यास अन्य कोणतीही प्रक्रिया’ आणि ‘फोटो जाहिरातीसाठी वापरण्यास संमती’ ही वाक्येही खोडावीत. ‘कोणत्याही दुष्परिणामास क्लिनिक जबाबदार नाही’ या वाक्याला घाबरू नये. निष्काळजीपणाची जबाबदारी अशा ओळीने सहसा झटकता येत नाही.

मग पुढचे प्रश्न, आणि त्यांची उत्तरे लेखी हवीत. लिडोकेनची ट्यूमेसंट पद्धतीतली रूढ मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम धरतात. ६० किलोच्या बाईला २,१०० मिलिग्रॅम. एका लिटरमध्ये १,००० मिलिग्रॅम मिसळत असतील तर दोन लिटरमध्येच मर्यादा गाठली जाते. म्हणून तीन-चार भाग एकाच दिवशी ‘पॅकेज’मध्ये उरकायचा आग्रह धोक्याचा आहे. रक्तातले लिडोकेन साधारण १० ते १४ तासांनी सर्वाधिक होते, तेव्हा रुग्ण घरी पोहोचून झोपलेला असतो. एकूण ५ लिटरहून अधिक काढायचे असेल, तर रात्रभर देखरेख आणि अतिदक्षता विभाग असलेलेच रुग्णालय हवे. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ खोलीत हवा, आणि जवळचे आयसीयू कोणते, तिथे नेणार कोण, हेही माहीत हवे. रुग्णालयाची १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह कायद्याखालची नोंदणी भिंतीवर लावलेली असते. ती वाचावी, त्यावरची मुदत संपलेली नाही ना ते बघावे.

गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, तंबाखू, आधीची हर्नियाची शस्त्रक्रिया, यातले काही लपवू नये. गोळ्यांनी आणि तंबाखूने गुठळीचा आणि जखम न भरण्याचा धोका वाढतो, तर हर्निया असेल तर नळी आतड्यात जाऊ शकते. लपवलेली माहिती पुढे आयोगासमोर तिच्याच विरुद्ध वापरली जाईल. घरी आल्यावर अचानक धाप लागली, एकाच पोटरीत दुखू लागले, गोंधळल्यासारखे झाले, किंवा ताप आणि पोटदुखी वाढत गेली, तर क्लिनिकला मेसेज करत बसायचे नाही. थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचे आणि तिथली वेळेची नोंद असलेला कागद घ्यायचा.

आणि कोणी ‘बिलावर लायपोमा (चरबीची गाठ) लिहू, विमा मिळेल’ म्हटले, तर तिथून उठून यावे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात वगळलेली असते. खोटा दावा केला तर पॉलिसी जाऊ शकते, आणि शस्त्रक्रिया बिघडली तर तिच्याच सहीचा कागद सांगेल की लायपोसक्शन झालेच नव्हते.

तुमच्यासाठी क्रम असा: आज केस पेपरचा अर्ज, या आठवड्यात स्वतंत्र सर्जनचे मत, आणि १५ नोव्हेंबरच्या आत तक्रार दाखल. केस पेपर तोवर आले नाहीत तरी तक्रार दाखल करा आणि ते हजर करण्याचा हुकूम आयोगाकडेच मागा.